ॲमस्टरडॅमला आडनाव विचारायचं नाही

आमचे दाजी पेट्रोल पंपावर आधी काट्याचा शून्य बघतात, मग स्वतःची गाडी. दूधवाल्याच्या दुधात बोट बुडवतात, गॅसची टाकी आली की वजनकाटा मागतात, आणि अनोळखी माणूस भेटला की पहिल्या मिनिटाला गाव विचारतात, दुसऱ्या मिनिटाला आडनाव. आडनाव कळलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो. मग माणसाला ओट्यावर बसवायचं की दिवाणखान्यात, चहा स्टीलच्या कपातून की चिनी मातीच्या, सगळं न बोलता ठरतं.

म्हणून ॲमस्टरडॅमच्या रेल्वेत भाचीनं अट घातली तेव्हा मला आनंदाच्या गुदगुल्या झाल्या. ती तिकडे जवळच्याच एका शहरात नोकरी करते. ताई, दाजी आणि मी मे महिन्यात तिच्याकडे राहायला गेलो होतो. सकाळी गाडी सुटली आणि ती म्हणाली, "आज दिवसभर कुणालाही आडनाव विचारायचं नाही."

"का बरं?"

"इथं तशी रीत नाही, पप्पा."

"रीत नाही का सोय नाही?" दाजींनी विचारलं. ती खिडकीबाहेर बघायला लागली.

दाजी माझ्या कानाला लागले. "पाव्हणं, पोरगा हाये. आज दावणार. अन् गोरा हाये, ल्याहून घ्या."

संशयाला जागा होती. भाचीनं आलेली तिन्ही स्थळं नाकारली होती, आणि दाजींनी फोनवर ठणकावलं होतं, "पोरगा कसा का असंना, आधी त्याचं घर बघीन. घर पटलं नाही तर माझ्या दारात मांडव नाही." त्या दिवसापासून पोरीनं लग्नाचा विषय काढला नव्हता. आज गाडीतून उतरेपर्यंत तिनं चारदा फोन बघितला.

शहर म्हणाल तर काठोकाठ पाणी. आम्ही नळाला पाणी येणार म्हटलं की सुट्टी टाकणारी माणसं. ताई पुलावर उभी राहून नुसती बघत राहिली. दाजींनी कठड्यावरून वाकून नाक पुढं केलं.

"एवढं पाणी, अन् वास कसा नाही? आपली खाम नदी असती तर इथवर रुमाल लागला असता. काहीतरी मिसळायलेत हे लोक."

कालव्याकाठची जुनी घरं पुढं झुकलेली. "घर पडायलंय अन् लोक फोटो काढायलेत," दाजी म्हणाले आणि ताईला भिंतीपासून लांब ओढलं.

पण खरी नजर होती जावयावर. सायकलवाल्यानं घंटी वाजवली, की दाजी मला कोपर मारत. "ह्यो?" कॉफी आणणाऱ्या पोरानं बशीत बिस्कीट ठेवलं, तर "ह्यो! नाहीतर बिस्कीट कशाला दिलं फुकट?" शेजारच्या टेबलावरही बिस्कीट होतं हे दाखवलं, तर म्हणाले, "ते आपल्याला फसवायला."

मग आम्ही एका छोट्या उघड्या नावेत बसलो. नावाड्यानं ताईला हात देऊन नावेत घेतलं आणि भाचीला काहीतरी म्हणाला. ती हसली. संपलं! दाजी सावरून बसले. "विचारा त्याला. नाव सोताची का भाड्याची?"

मी दरबारातल्या भालदारासारखा उभा राहून इंग्रजीत विचारलं. नाव भाड्याची निघाली.

"आईबाप संगं राहतात का?"

नाही म्हणाला. तो बायको आणि दोन मुलींबरोबर राहतो, तेही पाण्यावरच्या नावेत.

"बायको हाये?" दाजी हसले, आणि लगेच दचकले. "मंग कोण?"

समोरच्या बाकावर मराठी कान होते. निळ्या साडीवर स्वेटर आणि पायात बूट घातलेल्या बाई, खिशाला पेन लावलेले गृहस्थ आणि कॅमेऱ्यात डोळा घालून बसलेला त्यांचा मुलगा. गृहस्थ म्हणाले, "कुठले म्हणायचे आपण?"

"संभाजीनगर. मूळ बिडकीन. अन् तुमी?"

"सिल्लोड. शाळेवर होतो, आता रिटायर. मुलाकडे आलोय, महिनाअखेर परत."

दाजींनी तोंड उघडलं. भाचीनं बघितलं. दाजींनी तोंड मिटलं. आडनाव घशात अडकलेला माणूस मी प्रथमच बघत होतो. त्यांनी मागच्या दारानं प्रयत्न केला. "सिल्लोडात कोणत्या गल्लीत?"

"आता नव्या कॉलनीत."

"कुलदैवत कोणतं म्हणायचं?"

"पप्पा!"

"विचारू द्या हो," मास्तर शांतपणे म्हणाले. "मक्याचा भाव विचारा, तेवढं मात्र पक्कं सांगतो."

मला ते शांतपण जरा जास्तच वाटलं. मास्तरही दाजींना न्याहाळत होते, कॉपीचा संशय आलेला पेपर तपासावा तसे. आणि त्यांच्या बाईंनी नेमका तेव्हाच स्टीलचा डबा उघडला. धपाटी आणि चटणी. दाजींनी आधी वास घेतला, मग तुकडा मोडला, मग बोलणंच बंद.

"चटणीत कारळ हाये," ते म्हणाले.

"ओळखलंत की!"

त्यानंतर दाजी जे सुटले! जायकवाडी, कापूस, नळाचे दिवस. मास्तर त्यांच्या मांडीवर थाप मारायला लागले, आणि दाजी त्यांना 'ओ मास्तर' म्हणून हाक मारायला लागले.

तेवढ्यात एका पुलाखाली गार वारा आला. कॅमेऱ्यावरची नजर न काढता त्या मुलानं आपल्या पिशवीतून एक जाकीट काढून पुढं केलं. भाचीनं न बघता घेतलं आणि घातलं. अगदी मापात. जाकीट तिचंच होतं, आणि निघालं त्याच्या पिशवीतून!

मी टाळी वाजवायच्या बेतात होतो. पण त्याच क्षणी पूल सरून उजेड आला, दाजींनी रिकामा डबा हातात घेतला आणि सवयीनं उलटा केला. आपल्याकडं भांड्याच्या दुकानात स्टीलवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून देतात. ते तिथं होतं. मास्तरांचं पूर्ण नाव, आडनावासकट.

ते मी सांगणार नाही. अट अजून पाळतोय. एवढंच सांगतो, की आमच्या जिल्ह्यात ते आडनाव वाचलं की घर बौद्धांचं हे कळतं. दाजींकडे पिढ्यान्‌पिढ्या जमिनी आणि गावची पाटीलकी. चहाच्या कपांची वाटणी अशाच आडनावांवरून होत आलेली.

 बाईच म्हणाल्या, "वाचलंत?"

"व्हय," दाजी म्हणाले. मग त्यांनी भाचीच्या अंगातलं जाकीट बघितलं, मुलाची उघडी पिशवी बघितली, आणि पाण्याकडं तोंड फिरवलं. भाचीनं जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

धक्क्यावर मास्तरांनी हात जोडले. दाजींनीही जोडले, थोड्या उशिरानं.

परतीच्या गाडीत ताईनं पिशवी उघडली, तर डबा आत. "अगंबाई, ह्यांचा डबा आपल्याकडंच राहिला!" तिचं 'अगंबाई' मला नाटकातलं वाटलं. पण नावेतून उतरताना ताईची पिशवी मास्तरांच्या बाईंनी धरली होती, आणि त्या डबे विसरणाऱ्यांतल्या दिसत नव्हत्या. दोघींपैकी डबा आत कुणी टाकला, हे मला आजपर्यंत उमगलेलं नाही.

"मी उद्या नेऊन देते," भाची हळूच म्हणाली.

"रिकामा?" दाजी एकदम कडाडले. "आपल्यात रिकामा डबा परत देतात का?"

"मग काय करू, पप्पा?"

दाजींनी डबा ओढून घेतला, पुन्हा उलटा केला, ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे माझ्याकडं. गावाकडं गेल्यावर सिल्लोडला मी नेऊन देईन."

"तुम्ही?"

"घर बघायचंय मला. अन् हो म्हणलोय असं समजू नको."

संभाजीनगरला सिडकोतल्या घरी परतल्यावर ताईनं रव्याचे लाडू वळले. दाजी वजनकाटा घेऊन शेजारी बसले. डबा भरत आला तेव्हा त्यांनी वरचा एक लाडू उचलून उजेडात धरला.

"हा बारीक हाये. बदल. त्या बाई बघतील."