वीतभर तार

तौनो कांगास गावाला दोनच वेळी आठवायचा. भट्टी बंद पडली तर, नाहीतर मयताला खांदा द्यायला माणूस कमी पडलं तर. अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या त्या खाणीच्या गावात नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत तळघरातली गॅसची भट्टी हाच घराचा जीव. खाली ती तापायची, पंखा तिची ऊब पत्र्याच्या नळांतून वर ढकलायचा आणि खोलीखोलीतल्या जमिनीवरच्या जाळीतून ती पायांना लागायची. तौनो एकसष्टचा. गुडघे गेलेले, हाताला काजळीचा वास. बोलणं इतकं कमी की बायको सोडून गेली तेव्हा लोक म्हणाले, याला कळायलाच आठवडा जाईल.

एक काम मात्र तो कुणी पाया पडलं तरी करत नसे. भट्टी फाजील तापली की तिच्यातला एक स्विच गॅस तोडतो. पंखा तसाच फिरत राहतो आणि जाळीतून गार वारा यायला लागतो. लोकांना वाटतं, भट्टी बिघडली. खरं तर ती घरातल्यांचा जीव राखत असते. त्या स्विचच्या दोन टोकांना वीतभर तार जोडली की भट्टी मुकाट जळत राहते. दुसरे मिस्त्री अडीनडीला जोडून द्यायचे. तौनो नाही.

कारण तीस वर्षांपूर्वी त्यानं जोडली होती. ओन्नी सारीच्या घरी, शुक्रवारी, बाहेर उणे तीस असताना. सोमवारी नवा स्विच घेऊन येतो म्हणाला. सोमवारी गेला तर सगळ्या खिडक्यांना आतून पाणी सुटलेलं आणि कुत्रं भुंकलं नाही. ओन्नी आणि त्याची बायको हिल्मा अंथरुणातच होती. गालावर विषारी धुरानं येते ती लाली, झोपल्यासारखी. तौनो आधी तळघरात उतरला, तार उपटून खिशात घातली आणि मग पोलीसप्रमुखाला, शेरीफला, फोन केला. धुराडं अर्धं बर्फानं बुजलं आणि धूर घरात कोंडला, कागदावर तेवढंच आलं; तारेचं नाव नाही. तौनोला कुणी काही विचारलं नाही आणि त्यानंही काही सांगितलं नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी लेम्पीचा फोन आला. लेम्पी ही ओन्नीची थोरली बहीण, चौऱ्याऐंशी वर्षांची, नवरा जाऊन एकटी राहिलेली. तिच्या घरी तौनो दर वर्षी भट्टी साफ करायला जायचा, पण कॉफीला कधी बसला नाही. गेली तीन वर्षं तर तिनं बोलावलंच नव्हतं.

"भट्टी गार वारा सोडतीय," ती म्हणाली. "ये. आन् दार लोटून घे, मांजर बाहेर पळतंय."

तो पोचला तेव्हा ती दोन कोट चढवून स्वयंपाकघरात बसली होती. तौनोनं भिंतीवरचं तापमानाचं बटण बघितलं, ठीक होतं. तळघरात उतरून भट्टीची हवेची गाळणी काढली. तिच्यावर मांजराच्या केसांची गोधडीच तयार झालेली.

"मावशी, गाळणी कधी बदलली होतीस?"

"तू बदलली होतीस तवा," वरून उत्तर आलं.

नवी गाळणी घालून त्यानं भट्टी पेटवली. ज्योती निळ्या, सरळ. पंखा सुरू झाला. पाच मिनिटांत खटकन् आवाज झाला, गॅस तुटला आणि पंखा गार वारा ढकलत राहिला. म्हणजे उबेला बाहेर पडायला वाट नव्हती. तो वर आला आणि खोल्या बघत निघाला.

घरात नऊ जाळ्या होत्या आणि त्यातल्या सात बंद. टेक्सासला गेलेल्या पोराच्या खोलीतल्या जाळीवर सतरंजी, वर पेटी. पोरीच्या खोलीत तेच. नवऱ्याच्या खोलीतली जाळी तर चिकटपट्टीनं बंद केलेली. माणूस घरातून गेलं की तिनं त्याची खोली बुजवली होती. आता घर म्हणजे स्वयंपाकघर आणि तिची खाट.

"रिकाम्या खोलीला ऊब कशाला?" लेम्पी म्हणाली.

"मावशी, सात तोंडं दाबलीस तर भट्टीचा श्वास कोंडणार की."

"माझाबी कोंडतोय. मला कोण बघाय येतंय?"

त्यानं पट्टी फाडली, पेट्या सरकवल्या, सातही जाळ्या उघडल्या आणि परत खाली उतरला. भट्टी पेटली. या वेळी खटका आला नाही. वर लेम्पी पायावर ऊब घेत मांजराशी काहीतरी बोलत होती. तौनोनं हत्यारं गोळा करायला घेतली आणि सवयीनं एकदा ज्योतींकडं पाहिलं.

मघाशी पंखा सुरू व्हायच्या आधी त्या सरळ उभ्या होत्या. आता पंखा फिरत असताना पिवळ्या होऊन एका अंगाला झुकल्या होत्या आणि नाचत होत्या. पंख्याच्या वाऱ्याला तिथं शिरायला वाट असायचं कारणच नव्हतं. त्यानं भट्टी बंद केली, ती निवेपर्यंत पायरीवर बसून राहिला आणि मग आरसा नि बॅटरी आत घातली. ज्योती जिच्या आत जळतात ती लोखंडी पेटी शिवणीला बोटभर फाटली होती. तीन हिवाळे कोंडून तापली, आणि तडकली. आता विषारी धूर उबेत मिसळून वर जाणार.

त्यानं गॅसची तोटी बंद केली, भट्टी धोक्याची असल्याची लाल चिठ्ठी बांधली आणि वर येऊन सांगितलं.

"नवी बसवायला किती दिवस?" लेम्पीनं विचारलं.

"तीन आठवडे. जास्तीबी लागतील. वादळानं सगळं अडकलंय."

"म्हंजे पोरीला फोन. म्हंजे ती येणार आन् मला दुलुथला त्या म्हाताऱ्यांच्या घरात टाकणार. तिथनं कुणी परत आलेलं ठावं हाय तुला?"

तौनोनं हत्यारांची पेटी बंद केली.

"तार जोड," ती म्हणाली.

"मावशी, तारेनं आता भागायचं न्हाई, पेटीच फाटलीय. गॅस चालू केला तर..."

"कळतंय मला. ओन्नीला जोडून दिलीस तशी जोड."

तौनो उभा होता तो खुर्चीवर बसला.

"त्यानं शुक्रवारी फोन केला हुता मला," लेम्पी म्हणाली. "म्हणाला, तौनोनं तार लावलीय, सोमवारी येतो म्हणालाय, घर कसं ऊबदार झालंय. मयताच्या दिवशी तू शवपेटी उचलत हुतास तवा मी तुझ्या हाताकडंच बघत हुते."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगून काय? तुला तुरुंगात घातलं असतं, मग गावच्या भट्ट्या कुणी दुरुस्त केल्या असत्या? माया म्हणून गप्प बसले असं समजू नकोस."

तौनो खुर्चीवरून उठला. "न्हाई जोडणार."

"मी मेले तर माझ्या मर्जीनं मरीन. तुझं काय जातंय?"

"मला दुसऱ्यांदा त्या खिडक्या बघायच्या न्हाईत."

लेम्पीनं त्याच्याकडं पाहिलं. मग काठी घेतली आणि मागच्या दारी जाऊन उभी राहिली. परसात, गुडघाभर बर्फाच्या पलीकडं, तिच्या बापानं ओंडक्यांनी बांधलेली सौना होती. लाकडावर तापणारी वाफेची न्हाणी. लेम्पीचा जन्म तिथला. नवऱ्याला शेवटचं न्हाऊ घातलं तेही तिथंच.

"त्या चुलीला तुझी तार लागत न्हाई," ती म्हणाली. "माझी खाट न्हे तिथं."

तौनोनं बर्फ उपसून वाट केली. खाट नेली, गाद्या नेल्या, मांजराला पोत्यात घालून नेलं. धुराडं वरपर्यंत झाडलं, दोनदा. विषारी धुराची सूचना देणारं यंत्र दाराशी ठोकलं. चूल धरली तेव्हा दिवस कलला होता. लेम्पी वेलचीचा पाव मांडीवर घेऊन फळीवर बसली. त्याला तुकडा देईल असं वाटलं, पण दिला नाही.

"लाकडं परवापर्यंत पुरतील," तो म्हणाला.

"उद्या ये," ती म्हणाली. "परवाबी ये. नवी भट्टी येईस्तोवर रोज. आन् सोमवारी येतो असं मला सांगायचं न्हाई."

तो रोज जायला लागला. उजाडलं की गाडी रस्त्यावरच थांबवायचा आणि उतरण्याआधी सौनाच्या धुराड्याकडं बघायचा. मग त्या एवढ्याशा खिडकीकडं, काचेला आतून पाणी सुटलंय का ते. सोळाव्या दिवशी धुराड्यातून धूर येत नव्हता. तौनो स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. दार उघडायला त्याला किती वेळ लागला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

लेम्पी खाटेवर होती. चूल विझलेली, पण गाद्यांत अजून ऊब होती आणि काच कोरडी. यंत्राचा दिवा हिरवा. गालावर लाली नव्हती. रंग मेणासारखा, म्हातारं माणूस आपल्या वेळेनं गेल्यावर असतो तसा. मांजर पायथ्याशी बसलेलं.

तौनोनं आधी शेरीफला फोन लावला. या वेळी खिशात घालण्यासारखं तिथं काहीच नव्हतं. मग त्यानं चूल पेटवली आणि पाणी तापत ठेवलं, कारण तिला न्हाऊ घालायला बायका आता येणार होत्या.