साडूच्या घरातला गारवा

पापड लाटताना पंखा लावता येत नाही. लाटी सुकते, कडा फाटतात आणि लाटलेला पापड उडून सोफ्याखाली जातो. त्यामुळे उन्हाळ्यात पापड कुणाच्या घरी लाटायचे, हे आमच्याकडे त्या घराच्या गारव्यावरून ठरतं. आणि गेली कित्येक वर्षं हा मान माझ्या साडूच्या घराला मिळत होता.

आमचा फ्लॅट पंचवटीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर. एप्रिलच्या दुपारी भिंतीला पाठ टेकली की शेक घेतल्यासारखं वाटतं. साडू राहतो समोरच्याच गल्लीत, बैठ्या घरात. बायको पिठाचा डबा आणि पोळपाट-लाटणं घेऊन दुपारी जायची, ती उन्हं उतरल्यावर परत यायची. चप्पल काढता काढताच सुरू, "ताईकडे काय गार वाटतं हो! भाऊजींनी घर कसं छान ठेवलंय!"

ते 'भाऊजींनी' मला फार झोंबायचं. भाऊजी काय घराला फुंकर मारत बसतात?

एका वर्षी मी इरेला पेटून एसी आणला. एसीत पापडाच्या कडा पंख्यापेक्षाही लवकर फाटल्या आणि विजेचं बिल आल्यावर माझा चेहराही तसाच झाला. बायकोने जुन्या साडीची खोळ शिवून एसीला चढवली. ती फक्त पाहुणे आले की निघते. पाहुण्यांत साडू धरलेला नाही.

शेवटी लाज सोडून त्यालाच विचारलं. तो ढेकर देऊन म्हणाला, "काही नाही हो साडूभाऊ. आमच्या घराला सवयच आहे गार राहायची."

सवय! त्याच संध्याकाळी गच्चीवर जाऊन त्याच्या घराकडे जळत बघत बसलो, तेव्हा उलगडा झाला. त्याचा स्लॅब चुन्याने पांढराशुभ्र रंगवलेला होता. ऊन वरच्या वर परत जात होतं आणि हा खाली सवयीच्या गप्पा मारत होता.

दुसऱ्याच दिवशी चुना आणला. दुकानदार म्हणाला, "साहेब, यात डिंक घाला, नाहीतर खडूसारखा हाताला येईल." पण डिंक भिजवायला रात्र जाते आणि मला तर पुढच्या पापडाआधी साडूला मागे टाकायचं होतं. नुसताच चुना कालवून अख्खी गच्ची फासली. कमरेचा काटा ढिला झाला, पण मन इतकं प्रसन्न होतं की खालच्या मजल्यावरच्या काकू कुरडया वाळत घालणार आहेत, हे विसरूनच गेलो.

काकूंनी सकाळी साड्या अंथरून कुरडया घातल्या. दुपारी वारा सुटला. संध्याकाळी बेल वाजली. दारात काकू, हातात परात आणि मागे जिन्यावर पांढरी पावलं. मी काल गच्चीवरून उतरलो तेव्हाची. थेट माझ्या दारापर्यंत.

"भाऊ, या कुरडया आता तळू का विड्याच्या पानाला लावू?"

मी म्हणालो, "काकू, झटकल्या तर..."

"तुम्हालाच झटकते!"

बायको माझ्या बाजूने काही बोलेल असं उगाच वाटलं होतं. ती म्हणाली, "काकू, तुम्ही परत चीक शिजवा. सोऱ्या हे दाबतील."

दाबला. गव्हाचा गरम चीक सोऱ्यातून काढताना माणसाला आपले दंड कुठे आहेत ते नीट कळतं. त्या कुरडया काकूंनी गॅलरीत वाळवल्या. मग त्यांच्याच देखरेखीखाली गच्ची धुतली, रात्रभर डिंक भिजवला आणि पुन्हा चुना दिला. "तो कोपरा राहिला," काकू छत्रीखालून सांगत होत्या.

तीन-चार दिवसांनी भर दुपारी बायको हॉलमध्ये एकदम थांबली. वर बघितलं. पंखा बंद होता. भिंतीला तळवा लावून पाहिला.

"अहो, चटका नाही बसत." थोडा विचार करून म्हणाली, "आज ताईलाच इकडे बोलावते."

इतक्या वर्षांत कानाला असं गोड काही लागलं नव्हतं. काकू आल्या, शेजारणी आल्या, ताई स्वतःचं पोळपाट घेऊन आल्या. मी ऐटीत सोफ्यावर बसलो.

"तुम्ही इथे काय करताय?" बायको म्हणाली. "पाय पसरायला जागा नाही. जा भाऊजींकडे."

गेलो. साडू एकटाच फरशीवर पालथा पडला होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आज तुमचं घर भरलंय म्हणे. काय केलंत हो?"

"काही नाही," मी ढेकर काढायचा प्रयत्न केला, जमला नाही. "आमच्या घरालाही सवय लागली."

तो कुशीवर वळला. मी शेजारी आडवा झालो. फरशीला गाल लावला. गार होती. चांगलीच गार. आमच्यापेक्षा जरा जास्तच.

मला काही झोप लागली नाही.