बारामतीच्या कटरचा हेवा

मंडळी, आज दुपारी इंदापूरजवळ उसाची ट्रॉली एका पिकअपवर उलटली. पिकअप चालवणारे तात्या आत अडकले. मी इथल्या अग्निशमन गाडीवर असतो. आमच्याकडं पहार, करवत आणि दोरखंड, एवढंच.

ऊस उपसला, पहार घातली, पण दार काही हलेना. तात्यांचा पाय दबलेला.

"पोरा, पाय ऱ्हाईल का रं माझा?"

"ऱ्हाईल की तात्या," असं म्हणालो आणि पहार परत दाराच्या फटीत घातली.

तेवढ्यात मदतीला बोलावलेली बारामतीची अग्निशमन गाडी आली. त्यांच्या जवानानं हायड्रॉलिक कटर लावला आणि बघता बघता दार कापलं. तात्या बाहेर आले. पाय वाचेल, असं नंतर दवाखान्यात डॉक्टर म्हणाले.

आनंद झालाच. पण खरं सांगतो, त्या कटरकडं बघून पोटात दुखलं. लोक त्यांचे फोटो काढत होते आणि मी पहार लपवत होतो.

"जरा धरून बघू का?" मी विचारलं.

"बघा की दादा. जड हाय, सांभाळून."

हातात घेतला, तर परत द्यावासाच वाटेना.

पुढच्या वेळी बारामतीची गाडी दुसरीकडं गुंतलेली असली तर? तुमच्या गावच्या गाडीवर काय काय आहे, कधी जाऊन बघितलंय?