न दुखणारं अवधाण

चोपड्यात कुणाकडे लग्न ठरलं, की मुहूर्ताच्या आधी कोकिळाक्काला तारीख विचारून घेतात. मांडे करणाऱ्या बाया गावात काही कमी नाहीत. पण पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत नेणारी आणि तो पातळ झालेला मांडा चुलीवरच्या उपड्या खापरावर एकही सुरकुती न पाडता सोडणारी कोकिळाक्काच. हे लोक म्हणतात त्याहून ती स्वतःच जास्त म्हणते. दुसऱ्या कुणाचा मांडा खाल्ला की तिचा एकच शेरा ठरलेला, "जाड शे," म्हणजे जाड आहे. तीस वर्षांत तिनं कुणाचं कौतुक केल्याचं कुणाला आठवत नाही.

खापराशी खेळायचं म्हणजे चटका आलाच. फाल्गुनातल्या एका लग्नात तिचं डावं मनगट चांगलंच भाजलं. थोड्या दिवसांनी डाव्या बगलेत गाठ लागली, तेव्हा तिनं मनाला लावून घेतलं नाही. हात भाजला, पाय कापला, की बगलेत नाहीतर जांघेत अवधाण येतं, हे खान्देशात पोराबाळांनाही ठाऊक असतं. चुना-गूळ कालवून लावायचा आणि विसरून जायचं. अक्कानं चुना-गूळ लावला आणि ती खरंच विसरून गेली.

विसरली नाही ती तिची सून दिपमाला. धुणं तिच्याकडे होतं, आणि सासूच्या पोलक्यांच्या बगलेतले चुन्याचे डाग काही केल्या निघत नव्हते. मनगटावरचा भाजल्याचा व्रण पार गुलाबी होऊन गेला होता, तरी चुना चालूच. दिपमालानं विचारलं, दुखतं का? अक्का हसली.

"दुखस नही, मंग चांगलंच शे ना?"

घाव भरला तरी अवधाण कसं राहिलं, हे दिपमालाला उमगेना, आणि सासूशी वाद घालणं म्हणजे तापल्या खापरावर हात ठेवणं. तिनं सरळ थाप मारली. आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणासाठी, जळगावला साडी घ्यायला जाऊ, म्हणाली. अक्का नटूनथटून एस.टी.त बसली आणि साडीच्या दुकानाऐवजी दवाखान्याच्या बाकावर जाऊन पोचली. तिथं तिनं सुनेला जे ऐकवलं ते इथं न लिहिलेलंच बरं.

डॉक्टरीणबाई खान्देशातल्याच होत्या. अवधाण हा शब्द ऐकून त्या हसल्या नाहीत. त्यांनी बगल तपासली, मनगट पाहिलं, आणि मग छाती तपासायला घेतली. अक्का चवताळली. भाजला हात, आणि ही बाई पोलकं काढायला सांगते! पण बाईंची बोटं डाव्या स्तनाच्या बाहेरच्या बाजूला थांबली, पुन्हा फिरली, पुन्हा तिथंच थांबली. तिथं हरभऱ्याच्या दाण्याएवढं काहीतरी होतं. अक्काला ते कधी लागलं नव्हतं, कारण तिनं कधी हात लावून पाहिलंच नव्हतं.

"अक्का, तुमचा शब्द बरोबर आहे, वाट तेवढी चुकली," बाई म्हणाल्या. "अंगात रक्तासारखंच आणखी एक पाणी फिरतं, त्याला लसीका म्हणतात. बगलेतल्या गाठी ते पाणी गाळून घेतात. पण शेतात पाण्याच्या चाऱ्या असतात, तशा बगलेत दोन चाऱ्या येतात. एक हाताकडून, दुसरी छातीकडून. तुम्ही हाताकडचीच बघत बसलात."

घाव भरला की अवधाण ओसरायला हवं, दोन-तीन आठवड्यांत नाही ओसरलं तर दुखो न दुखो दाखवायचंच, हेही त्यांनी सांगितलं. मग सुई घालून तपासणी झाली, आणि त्या हरभऱ्याला कॅन्सर म्हणतात हे घरात कळलं. लवकर सापडलाय, बऱ्या व्हाल, असं बाईंनी ठामपणे सांगितलं. अक्काचे यजमान अमृतभाऊ भिंतीकडे तोंड करून रडले. अक्का रडली नाही. बगलेतल्या गाठीही काढाव्या लागतील, मग पाण्याला वाट कमी उरते आणि हात सुजू शकतो, त्या हाताला चटका, जखम, जड ओझं चालणार नाही, हे ऐकल्यावर मात्र तिचा चेहरा पडला.

"बाई, माले मांडे करता येतीन का?"

"आधी उपचार, मग बघू," बाई म्हणाल्या.

त्या आखाजीला घरात चूल पेटली, पण खापर चढलं नाही. माहेरी आलेल्या लेकी विकतचं श्रीखंड खाऊन गेल्या. कॅन्सरच्या औषधांनी अक्काचे केस गेले, भुवया गेल्या, तोंडाची चव गेली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशी ती खाटेवरून सुनेला कणीक कशी मळायची ते ओरडून सांगायची. ऑपरेशन झालं, किरणांचे शेक झाले. दिवाळीनंतर डोक्यावर कुरळे केस आले, तेही काळे. गल्लीतल्या बायका रंग कुठला लावता म्हणून विचारू लागल्या.

पण हात जड वाटायचा. संध्याकाळपर्यंत डाव्या बांगड्या रुतायच्या. व्यायाम शिकवणारी विधी म्हणून जळगावची मारवाड्याची पोर होती. तिनं हाताला घट्ट बाही दिली, भिंतीवर बोटं चढवायला लावली, आणि हातावरून, छातीवरून पलीकडच्या बगलेकडे हात फिरवायला शिकवलं. इकडची वाट अरुंद झाली तर पाणी तिकडं वळवायचं. दाबायचं नाही, कातडी नुसती सरकवायची. रोज.

हे काम अमृतभाऊंकडे आलं. जन्मभर केळीचे घड वाहिलेला माणूस. पहिल्या दिवशी बैलाला खरारा करावा तसे हात चालले. अक्का कळवळली आणि मग तिला एकच गोष्ट सांगता आली.

"असं दाबू नका, मांडा फाटी जाई."

"आखो कितलं हलकं?" याहून हलका हात कसा करायचा ते भाऊंना कळेना.

तिनं उजव्या हातानं त्यांच्या मनगटावर दाखवलं. गोळा वाढवताना बोटांची टोकं लावायची नाहीत, हाताच्या पाठीनं नुसतं ओढून घ्यायचं. रोज सकाळी असं चालायचं. होळीपर्यंत बांगड्या सैल झाल्या आणि अमृतभाऊंचे हात इतके हलके झाले, की विधीनं त्यांना नोकरीवर घेण्याची चेष्टा केली. भाऊ लाजले.

यंदाच्या आखाजीला अक्कानं खापर चढवायचं ठरवलं. डॉक्टरीणबाईंनी अट घातली. कणीक तिंबायची नाही, आगीजवळ बसायचं नाही, हात जड वाटला की थांबायचं. म्हणजे मग उरलं काय, असं अक्का करवादली. पण वाटणी झाली. दिपमालानं कणीक मळली. चुलीपासून दूर पाटावर बसून अक्कानं मांडा हातांवर वाढवला. आता तो नेऊन खापरावर टाकायला कुणीतरी हवं होतं. लेकी पुढे झाल्या, दोघींच्या हातात दोन मांडे फाटले. तेव्हा अमृतभाऊ उठले. चुलीजवळ बाप्या माणूस बघून बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. भाऊंनी अक्काच्या हातांवरचा मांडा आपल्या हातांवर घेतला आणि खापरावर सोडला. त्याला सुरकुती पडली नाही. हसणं तिथंच थांबलं.

पंगत निम्मी झाली आणि अक्काचा हात जड झाला. तिनं बाही चाचपली, ते भाऊंना दिसलं. त्यांनी पुढचा गोळा स्वतःच उचलला, हाताच्या पाठीवर वाढवला, कोपरापर्यंत नेला, भाजला, आणि घडी घालून तिच्यापुढं ताटात ठेवला. मांडे करणारीनं सगळ्यांच्या शेवटी, गार झालेलं खायचं असतं. लग्न होऊन आल्यापासून अक्कानं सणाच्या दिवशी खापरावरून उतरलेला गरम मांडा कधी खाल्ला नव्हता. तिनं त्यावर तूप घेतलं, तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. सगळे तिच्याकडे बघत होते. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिनं पुसलेही नाहीत.

"जाड शे," ती म्हणाली, आणि दुसरा मागितला.