टाकीतला श्वास

भुताखेतांचे अनुभव छापून येतात ते मी वाचते आणि बहुतेक वेळा हसते. प्रत्येकाची गाडी नेमकी खराब जागीच बंद पडलेली असते. आता माझ्या गोष्टीतही गाडी बंद पडते, तेव्हा ज्यांना हसायचं त्यांनी हसून घ्यावं. मी चौथी शिकलेली. चारचौघांत तोंड उघडत नाही. पण मूर्खाला मूर्ख म्हणायला शाळा लागत नाही.

आमचं गाव गोंडपिपरी तालुक्यात, जंगलात आत. डांबरी रस्त्यापर्यंत मुरमाची वाट आणि मध्ये नाला. पावसाळ्यात तिथून फक्त फोर-बाय-फोर निघते, म्हणून घरी जुनी डिझेल जीप होती. ती माझे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, आणि हे मिळून चालवायचे.

ती जीप नाल्याच्या चढावर बंद पडायची. वर्षभर, दर वेळी तिथंच. फिल्टर बदलला, फीड पंप उघडला, डिझेलमध्ये पाणी आहे म्हणून ते गाळून पाहिलं. ज्याला पाना धरता येतो तो आमच्या गावात मेकॅनिक. असे सगळे बोनेटमध्ये डोकं घालून "एअर घेतली, एअर घेतली" म्हणायचे. शेवटी भासऱ्यांनी निकाल दिला — जागा खराब आहे.

तिथं मोहाच्या झाडाखाली एक दगड आहे. त्यावर बाया जळणाचे भारे टेकवायच्या. भासऱ्यांनी त्याला शेंदूर फासला आणि दगडाचा देव झाला. मग गाडी थांबली की नारळ फुटायचा, दोघं भाऊ बिडी ओढायचे, आणि गाडी सुरू व्हायची. तेव्हा भासऱ्यांची छाती पाहावी...

आमच्याकडं सून भासऱ्यांशी बोलत नाही. समोर आले की पदर घ्यायचा आणि बाजूला व्हायचं. लग्न झाल्यापासून त्यांनी माझा आवाज ऐकला नव्हता. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. उत्तर द्यावं असं ते काही बोलतच नसत.

धान लोंबीवर आलं होतं तेव्हाची गोष्ट. माझी मुलगी प्रणाली अंगणवाडीत जायची. तिला ताप होता, आणि दुपारी तिनं डोळे फिरवले. तिला घेऊन आम्ही गोंडपिपरीच्या दवाखान्याला निघालो. चढावर जीप बंद.

"नारळ आणला का?" भासऱ्यांनी विचारलं.

"नाई, दादा. घाईत राह्यला."

"मंग कशी निघन गाडी? जा, गावातून घेऊन ये."

"दादा, पोरगी कशी करून राह्यली पाहा ना."

"म्हणूनच सांगतो. बिमार पोरगी घेऊन चालला, अन् रिकाम्या हातानं?"

हे उभे. एक पाय गावाकडं, एक पोरीकडं. शेवटी म्हणाले, "एकडाव फुकून पायतो." म्हणजे डिझेलचा पाईप फिल्टरकडून सोडवून तोंडानं फुंकायचं. टाकीत बुडबुड वाजलं तर पाईप मोकळा.

"अवो, टाकीले कान लाव," हे मला म्हणाले. "मी फुकलो की आयकू येते का सांग."

हे सीटखाली पाना शोधत होते. पाईपला अजून कोणी हात लावला नव्हता. इंजिन बंद होतं. प्रणालीला खांद्यावर घेऊन मी वाकले आणि टाकीला कान लावला.

आत श्वास चालला होता.

डिझेल हलण्याचा आवाज मला माहीत आहे, तो हा नव्हता. घरघरत आत ओढलेला, अडकलेला, मग सुटलेला... एका कानाशी प्रणाली, दुसऱ्या कानाशी टाकी, आणि दोन्ही एकाच तालावर. तिचा अडकला की आतला अडकायचा. मग तिचा थांबला. टाकीही गप्प झाली.

मी झाकण फिरवलं. पोराच्या गळ्याची गुंडी सोडवावी, तसं ते हातून झालं. भस्सकन हवा आत गेली, आणि प्रणालीनं लांब श्वास ओढला आणि रडली.

"झाकण लावाले सांग तिले," भासरे यांना म्हणाले. "डिझेल सांडन."

"झाकण नाई लागणार," मी म्हणाले. भासऱ्यांच्या तोंडाकडं पाहून. "गाडी चालू करा."

ते आधी दगडाकडं पाहू लागले, मग माझ्याकडं. यांनी इंजिनाजवळचा डिझेल ओढायचा हातपंप मारला, चावी फिरवली, जीप सुरू झाली. दवाखान्यापर्यंत ती कुठंच थांबली नाही. झाकण माझ्या मुठीत होतं.

मलेरिया डोक्यात गेला होता. प्रणाली बरेच दिवस दवाखान्यात होती, पण घरी आली.

नंतर गोंडपिपरीच्या मेकॅनिकनं टाकीच्या हवेच्या नळीत तार घातली. आतून मातीचे खडे पडले. कुंभारीण माशीचं घर.

"जेवढं डिझेल जाते तेवढी हवा टाकीत याले पायजे," तो म्हणाला. "नाल्यापर्यंत येऊन टाकीचा गळा आवळून जाये. जरा थांबले की कुठून तरी थोडी हवा भरे."

म्हणजे जीप नारळानं नाही, बिडीनं सुरू होत होती. आमच्या घरानं वर्षभर एका माशीला नारळ वाहिले.

मी हळूच विचारलं, "बंद टाकीतून श्वासावानी आवाज येते का?"

"झाकण उघडलं की एकडाव भस्स होते, बाई. बंद टाकीत? नाई."

आता भासऱ्यांचं ऐका. ते गावभर सांगतात, त्या दिवशी सुनेच्या अंगात देवी आली होती. सून बोलली, हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही. देवी बोलली, हे लगेच शिरतं. मातीचे खडे त्यांनी डोळ्यांनी पाहिले, तरी दगडाला शेंदूर चालूच आहे. मागे एकजण मोटरसायकल ढकलत दारात आला आणि म्हणाला, "बाई, जरा कान लावून पाहा ना." त्याला मी पदराआडून मेकॅनिकचा रस्ता दाखवला.

प्रणाली आता पाचवीत आहे, माझ्यापुढं एक वर्ग. मी हे लिहिते ते घरात कोणाला ठाऊक नाही. झाकणाचं सगळ्यांना माहीत आहे, श्वासाचं मी यांनाही सांगितलं नाही. सांगितलं तर भासरे जिंकतील, आणि तेवढं मला सोसणार नाही.

पण मी ऐकलं ते ऐकलं. गाडी का थांबायची ते माशीनं सांगितलं. माझ्या पोरीचा श्वास त्या टाकीत कसा आला, ते सांगणारं मला अजून कोणी भेटलं नाही... आणि भासऱ्यांना मी विचारणार नाही.