पांढरी पट्टी

माझा थोरला भाऊ गाड्या दुरुस्त करतो आणि मी त्याच्या शेजारच्या गाळ्यात सुटे भाग विकतो. मधे एकच भिंत आहे. पलीकडे त्याच्या हातून पाना पडला की माझ्या फळीवरचे डबे खणखणतात, आणि हल्ली तो फार वेळा पडतो. सहासष्ट वर्षांच्या माणसाने दिवसभर लादीवर आडवं होऊन काम करू नये, हे वहिनी त्याला सांगून थकल्या. मीही सांगितलं. त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "माझ्या चुकीने एखादी गाडी परत आली ना, की त्याच दिवशी शटर खाली. तोवर डोकं खाऊ नका."

गाडी परत यायची नाही, कारण दादाची एक पद्धत होती. पुढचं चाक ज्या लोखंडी हाताने सांगाड्याला जोडलेलं असतं त्याला आम्ही आर्म म्हणतो. त्याच्या सांध्यात रबराचे बुश असतात. नवा आर्म बसवताना गाडी लोखंडी घोडीवर उचलून बोल्ट नुसते अडकवायचे. मग गाडी खाली उतरवायची, तिचं सगळं वजन चाकांवर येऊ द्यायचं, आणि पुन्हा खाली सरपटत जाऊन ते आवळायचे. वर लटकलेल्या गाडीचे बोल्ट आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि चार-सहा महिन्यांत फाटतं. बहुतेक मेकॅनिक ही दुसरी खेप टाळतात. दादा टाळत नसे. जमिनीवर आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर तो ब्रशने पांढऱ्या रंगाची पट्टी मारायचा. ती पट्टी म्हणजे त्याची सही.

त्या दिवशी सकाळी रोपं विकणाऱ्या ताईंचा जुना छोटा ट्रक दारात उभा राहिला. पाच महिन्यांपूर्वीच दादाने त्याचे दोन्ही आर्म बदलले होते.

"दादा, परत खडखड सुरू झाली," ताई म्हणाल्या. "वळणावर डावीकडे ओढते. काल आई शेजारी बसली होती, माझे तर हातपाय गार पडले."

दादा वाकून चाकाकडे बघत राहिला. मग भिंतीपलीकडून मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाला, "माल कच्चा निघाला असेल."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तीस वर्षं मी त्याला पारखूनच माल देत आलोय. हातातलं काम टाकून मी तरातरा गेलो. "खोल," म्हटलं. "माझ्यासमोर खोल."

त्याला तासभर लागला. पूर्वी वीस मिनिटांचं काम. दर थोड्या वेळाने तो थांबायचा, कमरेवर हात ठेवून भिंतीकडे बघायचा. मी मुद्दाम मदत केली नाही. इतका राग आला होता.

डावा आर्म निघाला. बुशचं रबर आतल्या नळीपासून एका बाजूने सुटलं होतं आणि ओलं फडकं पिळावं तसं पिळवटलं होतं. कच्चं रबर असं फाटत नाही, त्याला सगळीकडून भेगा पडतात. उजवी बाजूही तपासली. तिथलं रबर नव्यासारखं होतं. दोन्ही एकाच खोक्यातले, मीच दिलेले. आणि डाव्या बोल्टवरही पांढरी पट्टी होती, सरळ, न मोडलेली.

मला जे दिसलं ते त्यालाही दिसलं होतं. जिंकलो होतो मी, पण सकाळपासून तयार ठेवलेलं वाक्य काही तोंडातून निघेना.

"विसरला असशील," मी हळूच म्हणालो.

"विसरलो नव्हतो." तो स्टुलावर बसला. "उजवी बाजू नीट केली. मग वाटलं, परत एकदा खाली आडवं व्हायचं, परत उठायचं. अंगात जीव नव्हता रे. गाडी वर होती तशीच डावी आवळून टाकली."

"आणि पट्टी?"

"पट्टी काय, हाताला सवय."

ताई बाकावरून उठून आल्या. "काय निघालं?"

दादा तोंड उघडायच्या आत मीच बोलून गेलो, "माझाच माल खराब होता, ताई. आत्ता नवा देतो." आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या मालाला नावं ठेवली. शटर खाली येऊ नये एवढंच तेव्हा डोक्यात होतं. गंमत म्हणजे ते खाली यावं म्हणून मीच त्याच्यामागे इतकी वर्षं भुणभुण लावली होती.

"माल चांगला होता," दादा म्हणाला. "मी आळस केला. तुमची आई गाडीत होती आणि मी आळस केला होता. माफ करा."

ताईंनी काढलेल्या आर्मकडे एकदा पाहिलं. "होतं कधीकधी," एवढंच म्हणाल्या आणि परत जाऊन बसल्या.

नवा आर्म चढला. दोन्ही चाकांखाली जाड फळ्या सरकवून, आत शिरण्यापुरती जागा राहील अशी गाडी खाली उतरवली. दादा लादीवर बसला, एक हात टेकला, आणि आडवं होता होता मधेच थांबला. मग मीही बसलो. माझी ढेरी सांभाळत त्याच्या शेजारी सरपटलो. दोन म्हातारे खांद्याला खांदा लावून ट्रकखाली पडलो. त्याने पाना लावला, जोर दोघांनी मिळून केला. बोल्ट बसला तेव्हा त्याला धाप लागली होती.

रंगाची डबी त्याने माझ्या छातीवर ठेवली. "पट्टी तू मार. तू पाहिलंस ना आवळताना?"

"पाहिलं."

"मग मार."

माझी पट्टी वाकडी आली.

ताईंनी चौकापर्यंत दोन फेऱ्या मारल्या, खडखड गेली होती. त्या गेल्यावर दादाने पाने पुसून एकेक करून खुंटीला लावले, हात धुतले, चष्मा खिशात ठेवला. दुपारचे चार वाजले होते. तो बाहेर आला आणि शटरला हात घातला. ते हातभर खाली आलं आणि अडलं. खांदा साथ देईना.

"दादा, उद्या बघू," मी म्हणालो.

"ओढ," तो म्हणाला. "मला जमत नाहीये."

मी ओढलं.