सव्वा मूठ गहू

श्रावणात कानबाई देवी बसवायच्या आदल्या दिवशी आमच्या खानदेशातल्या घरी गहू मोजले जात. घरात जितके पुरुष, तितक्यांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ. त्या पिठाचे रोट भावकीनेच खायचे आणि त्यातला तुकडाही उरू द्यायचा नाही. बायकांच्या नावाची मूठ नसते, आईच्या नाही, माझ्याही नाही. गहू निवडायचे बायकांनी, दळायचे बायकांनी, चुलीपुढे घाम गाळायचा बायकांनी, आणि मोजणीत फक्त पुरुष. मला याचा तेव्हाही राग यायचा, अजूनही येतो. पण त्या श्रावणात त्याहून मोठ्या रागाचं कारण घडलं.

लढाईचे दिवस होते. माझा थोरला भाऊ नवापूरकडे मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. उन्हाळ्यात त्याने बाप्तिस्मा घेतला. कोणी बळजबरी केली नव्हती, लालूच दाखवली नव्हती. त्याला पटलं, त्याने घेतला आणि तसं घरी पत्रही लिहिलं. गावाने मात्र ‘बाटला’ एवढा एकच शब्द धरला. ज्यांच्या पोरांना त्याने हिवतापावर फुकट कुनैन आणून दिलं होतं, तेही ओट्यावर बसून तो शब्द चघळत होते.

वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, नावं घेत होते आणि आई मूठ भरून सुपात टाकत होती. मोठेबाबांचं नाव झालं, वडिलांचं झालं, चुलतभावांची झाली. मग भावाचं नाव गाळून ते थेट माझ्या धाकट्या भावावर आले. वडील मान खाली घालून बसले होते. थोरल्या भावापुढे तोंड उघडायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. मला वाटलं, त्यांचा खांदा धरून गदागदा हलवावं.

आईचा हात गव्हातच थांबला. जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलायची आमच्यात रीत नव्हती, म्हणून पदर पुढे ओढून ती माझ्याकडे बघत बोलली. “सांग तुन्हा मोठाबाबाले. मरेल माणूसनी मूठ बंद व्हस. मन्हा आंडोर जित्ता शे.”

आणि तिने आपल्या जित्या मुलाच्या नावाने सव्वा मूठ सुपात टाकली. मोठेबाबा म्हणाले, टाक, पण तो काही देवीचा रोट खाणार नाही, बाहेरच्याला देता येत नाही, मग उरला की कोप होईल तो तुझ्या माथी. एवढं बोलून ते उठून गेले.

भाऊ दुसऱ्या दिवशी, रविवारी आला. कानबाईसमोर त्याने हात जोडले नाहीत. पण मांडव त्याने बांधला, पाणी भरलं, आणि बायका त्याच्याकडे टकामका बघत होत्या तरी तो अंगणातून हलला नाही. मला त्याचाही राग आला. मागच्या दारी गाठून मी त्याला म्हटलं, आई तुझ्यासाठी एवढी भांडली, एक घास खायला तुझं काय जातं? नुसता तोंडात टाक, मनात काय आहे ते कोण बघतंय?

तो शांतपणे म्हणाला, “मायनी मूठ खरी शे. तिन्हावर मी खोटा घास खाऊ का?”

माझा राग आणखी वाढला. पण त्याचं म्हणणं मला तिथेच कळलं होतं.

सोमवारी कानबाई नदीवर पोचवली आणि पंगत बसली. आईने भावाला नैवेद्यातली गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी न वाढता वेगळं पिठलं आणि भाकरी वाढली. त्याने मागितलं नव्हतं, तिलाच सुचलं. त्याच्या वाट्याचा रोट ताटलीत तसाच पडून होता आणि मोठेबाबा त्या रोटाकडे बघत जेवत होते. तेवढ्यात वडिलांनी हात लांब करून ती ताटली आपल्यापुढे ओढली.

रोट थंड झाला की दगडासारखा होतो. वडिलांचे निम्मे दात पडलेले. दुधात बुडवून, हिरड्यांनी चावून ते तो खात राहिले, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही. कोणाला तुकडा दिला नाही. मोठेबाबांशी मात्र एक शब्द बोलले नाहीत. हे मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. आई एकटी भांडत होती तेव्हा यांचं तोंड कुठे गेलं होतं?

भाऊ निघाला तेव्हा ताटलीत शेवटचा चतकोर उरला होता. वडील तोंडातला घास घोळवत, सगळ्यांदेखत त्याला म्हणाले, “पुढला साल बी ये. दात शेतस तवलोंग तुन्हा रोट मी खासू.”